‘मधु + अद्’ लिहून पेन्सिल पुढे सरकवणाऱ्या बाईंना

पोलंडमधल्या क्राकूवच्या ग्रंथालयातल्या बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव जाहीर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. मराठी तुम्हाला येत नाही, पण देवनागरी वाचता येते, तेव्हा हे पत्र निदान अक्षरांनी तरी पोहोचेल.

रशियनमध्ये अस्वलाला मेदवेद का म्हणतात, एवढंच मी विचारत फिरत होते. आमच्या सरांनी सांगितलं, ‘मेद’ म्हणजे मध आणि ‘वेद’ म्हणजे जाणणं. मधाचा ठिकाणा जाणतो तो. ओळखीच्या एका विद्वानांना तर भरतंच आलं, रशियन, पोलिश वगैरे स्लाव लोकांकडे आपला वेद सापडला ना! मग युक्रेनियनमध्ये तेच उलटून वेद्मिद कसं होतं? ‘उगाच खोलात शिरू नका,’ हे उत्तर.

तुम्ही फास्मर यांचा रशियन शब्दांच्या व्युत्पत्तीचा कोश काढून दिलात. १९४४ च्या बाँबवर्षावात बर्लिनमधली त्यांची टिपणं जळाली, तरी त्या माणसाने तो पुरा केला! पण आभार कोशाचे नाहीत. तुम्ही चिठ्ठीवर ‘मधु + अद् =’ एवढंच लिहिलंत, पुढची जागा कोरी ठेवलीत आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवलीत.

मध्वद्! मध खाणारा! अहो, ही तर शाळेतली यण् संधी. मनु + अंतर, मन्वंतर. प्राचीन स्लावमध्येही ‘मेदु’तला उ स्वरापुढे व झाला आणि ‘एद्’ म्हणजे खाणं त्याला चिकटलं. तो व मधाचाच, वेदाचा नव्हे. ऋग्वेदात झाडावरचे पक्षीही मध्वदच आहेत.

अस्वलासाठीच्या आपल्या संस्कृत ‘ऋक्ष’चा, ग्रीक ‘आर्क्तोस’चा सख्खा भाऊ असलेला शब्द स्लाव भाषांनी टाकला, तो बहुधा जनावराचं खरं नाव घ्यायच्या धास्तीने; आमच्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात तसं. टोपणनावाचा संसार मात्र केवढा वाढला. चेकमध्ये मेद्व्येद, स्लोव्हेनियनमध्ये मेदवेद, क्रोएशियात झाग्रेब शहराच्या डोक्यावर मेदवेद्नित्सा डोंगर. तुम्ही पोलिश लोकांनी तर म चा न करून न्येज्व्येच केलंत, त्याचा उच्चार मला अजून जमत नाही.

उत्तर ठाऊक असताना ते समोरच्याच्या हातून लिहवून घ्यायला मन मोठं लागतं. इतक्या पदव्यांच्या माणसांपुढे उभी राहिले, पेन्सिल कुणी दिली नव्हती.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
पुण्याची एक विद्यार्थिनी