तानपुरा उतरवण्याआधी एकदा सुरात लावलात, त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

बाबांची वाद्यं बांधायला तुम्ही घरी येऊन गेलात त्याला आठ दिवस झाले, पण आईच्या तोंडी रोज तुमचा विषय असतो. त्या दिवशी माझा गळा इतका दाटला होता की धड आभारही मानता आले नाहीत. ते आज सगळ्यांसमोर मानते आहे.

सदाशिव पेठेतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या दोन खोल्यांत बाबांची वाद्यं मांडून ठेवायला जागा नाही, बांधून ठेवणं भाग होतं. सामान हलवणाऱ्यांनी दोनपैकी एक तानपुरा चढ्या तारांनिशीच सुतळीने करकचून बांधला आणि कपाटाला टेकवून उभा केला. तो घसरला. भोपळ्याला वीतभर तडा. वर म्हणाले, "ताई, भोपळाच तर आहे!" ज्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथून बाबांनी तो पगार साठवून आणला होता. नातेवाईकांचं तर एकच पालुपद, "आता वाजवणार कोण? देऊन टाका."

मग तुम्ही आलात. आल्या आल्या हात धुतलेत, कोरडे केलेत आणि आईला विचारलंत, "वहिनी, हात लावू ना?"

तबला-डग्गा चुंबळीसकट गवसणीत गेले. पेटीचा भाता मिटून ती आईच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलीत. प्लास्टिक मात्र लावू दिलं नाहीत, पावसाळ्यात आत ओल धरते म्हणून. हे सगळं तासाभरात झालं. उरलेल्या तानपुऱ्यापाशी मात्र तुम्ही थांबलात.

"साहेब कुठल्या पट्टीत गायचे?"

"काळी एक," आई म्हणाली. बाबा गेल्यापासून चार वर्षांत त्यांच्या सुराचं हे नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

"मग आधी एकदा लावू. उतरवायचं नंतर."

तुम्ही खुंट्या पिळल्यात, मणी सरकवलेत, तारांखालचे घोडीवरचे दोरे नखाने किंचित पुढे-मागे केलेत. पंचम लागला, मधल्या दोन तारांची जोड मिळाली, खर्ज बोलू लागला. मग तानपुरा आईच्या मांडीवर दिलात. जन्मभर तिने तो फक्त पुसला होता, शिष्यांना चहा दिला होता. तुम्ही तिचं बोट धरून पहिल्या तारेवर ठेवलंत. दहा मिनिटं ती छेडत होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि खोलीभर खोकी होती.

त्यानंतर चारही तारा थोड्या थोड्या सैल केल्यात. दोरे काढून कागदाच्या पुडीत बांधलेत आणि तीवर पेन्सिलीने लिहिलंत, 'साहेबांचे दोरे'. म्हणालात, "तार नवी मिळते. हे त्यांच्या हातचे आहेत."

१९५३ पासून सवाई गंधर्व संगीत महोत्सव भरवणाऱ्या या पुण्यात गाणं कळणाऱ्यांची वानवा नाही. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारणारं माणूस भेटलं की आपल्या माणसाचा मान राखला गेला असं वाटतं. बाबांनी कधी तुम्हाला पाहिलं नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

ती पुडी आईने देवघरातल्या डबीत ठेवली आहे. नव्या घराचा ताबा मिळाला की गवसणी सोडायला तुम्हीच यायचं, असं तिने बजावून सांगितलंय. तोवर तिने काळी एकचा सूर मोबाइलवर लावून घेतलाय, संध्याकाळी दिवा लावल्यावर ऐकते.

तुमची,
सदाशिव पेठेतली ताई