डिस्को म्हणजे नुसती किक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र जवळ आले की ठाणे, वाशी, नेरुळकडचे तरुण संगीत-निर्माते ऐंशीच्या दशकातल्या डिस्को चाली ईडीएममध्ये, म्हणजे आजच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात, आणायला घेतात. हौस मोलाची आहे. पण बहुतेक वेळा जुन्या रेकॉर्डिंगखाली एक जाड किक, म्हणजे बास ड्रमचा ठोका, टाकून काम उरकले जाते आणि गाण्याचा डौल निघून जातो.

ही गाणी हाताने वाजवलेली आहेत, लय खाली-वर होणारच. संगणकावरचा प्रोजेक्ट १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) बांधला आणि गाणे ११९ वर उतरले, तर चार बारांत (एक बार म्हणजे चार ठोके), म्हणजे आठ सेकंदांत, ६७ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि दोन किक वेगवेगळ्या ऐकू येतात. म्हणून वॉर्प मार्कर, म्हणजे गाण्याचा ठोका प्रोजेक्टच्या ठोक्यावर ओढून बसवणारी खूण, लावावा लागतो; पण तो प्रत्येक ठोक्याला लावू नये. वादकाची लय सपाट होते. दर चार बारांनी पहिल्या ठोक्यावर एक मार्कर बहुधा पुरतो.

जुन्या ट्रॅकचा १०० हर्ट्‌झखालचा भाग हाय-पासने (खालचे स्वर गाळणाऱ्या फिल्टरने) काढावा, नाहीतर दोन्ही किक एकमेकींना खातात. त्यासोबत जुना बासही पातळ होतो, तो नव्याने वाजवावाच लागतो. डिस्कोचा खरा जीव तिथेच आहे : ठोक्यावर खालचा सा, दोन ठोक्यांच्या मध्ये वरचा सा, त्याच जागी उघडा हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजांची जोडी). १२० बीपीएमला ही मधली जागा किकनंतर २५० मिलिसेकंदांनी येते. साइडचेन किक वाजताच बासचा आवाज दाबतो; तो पुन्हा वर यायला लागणारा वेळ, म्हणजे रिलीज, १५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा. तो ४०० केला की वरचा सा दबतो, आणि पाय उचलायला लावणारी उडी नेमकी तीच असते.

मुंबईतच १९८२ साली वादक चरणजित सिंग यांनी टीआर-८०८ (ठेका देणारे) आणि टीबी-३०३ (बास वाजवणारे) या इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या साथीने दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. २०१०मध्ये तो अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा परदेशातले श्रोते थक्क झाले. सिंग यांनी जुने गाणे चिकटवले नाही, नवे संगीत घडवले.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात वाजवणारे बास गिटारिस्ट आणि काँगोवादक आजही आहेत. त्यांच्याकडून सोळा बार वाजवून घ्यावेत, क्वांटाइझ (संगणकाने ठोके नेमक्या जागी सरकवणे) ५० टक्क्यांच्या वर नेऊ नये. मंडळांनीही डीजेला सुपारी देताना दोन वादकांचे मानधन त्यात धरावे, ही कळकळीची विनंती.

– एक ध्वनिमुद्रक, कोपरखैरणे, नवी मुंबई