रविवारी वर्गात काय झालं ते

आई, पप्पा, सलाम.

पप्पांच्या डोळ्यात ड्रॉप वेळेवर घालतेस ना आई? त्यांच्या हातात मोबाईल देऊ नकोस, हे तूच वाचून दाखव. फोनवर सांगितलं असतं पण फोनवर पप्पा मला वाक्य पूर्ण करू देत नाहीत. सोलापूर नुसतं भाजतंय, दुपारी नळाला हात लावला तर चटका बसतो.

तर पप्पा, तुमचा संडे स्कूलचा वर्ग. परवा त्रैक्याचा धडा होता, म्हणजे पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, मी तुमच्यासारखाच शिकवला, पाणी बर्फ वाफ, तिन्ही एकच. मागं बसलेला एक पोरगा म्हणतो, टीचर, मग येशू बाप्तिस्मा घेताना नदीत होता, आत्मा कबुतरासारखा उतरला आणि वरनं बाप बोलला, तेच पाणी एका टायमाला बर्फ पण आणि वाफ पण कसं? मी गप्पच झाले. शेवटी "मला माहीत नाही रे" म्हणाले. हे तुमच्या कानावर दुसरीकडनं येण्याआधी मीच सांगतीय.

घरी येऊन वाचत बसले तर गंमतच, तुमचं पाणी-बर्फ-वाफ चर्चच्याच हिशेबाने चूक निघालं. एकच देव तीन रूपं बदलतो असं सांगणाऱ्या साबेलियसला तिसऱ्या शतकात मंडळीबाहेर काढलं होतं. म्हणजे आपल्या घरातले सगळेच बाहेर! शेजारच्या काकू गुरुवारी अक्कलकोटला निघाल्या की म्हणतात ना, तुमचं पण दत्त महाराजांसारखंच की गं, तीन मिळून एक, त्यावर तुम्ही दरवेळी चिडून "तसं नाही" म्हणता, पण मग कसं ते लहानपणापासून एकदाही सांगितलं नाहीत.

त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये कुठंच नाही, लॅटिनमध्ये तो तर्तुलियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने साधारण 200 च्या सुमारास वापरला. 325 ला निकियाला बिशपांची सभा झाली, ती बोलावली सम्राट कॉन्स्टंटाईनने, कारण एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, आणि त्यावरून भांडणं पेटलेली. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरलं, तो शब्दही शास्त्रातला नाही. आणि पवित्र आत्म्याबद्दल त्या सभेच्या मतांगीकारात, म्हणजे आपण चर्चमध्ये म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, फक्त "आणि पवित्र आत्म्यावर", बस, पुढचं सगळं 381 ला जोडलं. ठरल्यावर तरी मिटावं ना, तर निकियाची बाजू लढवणारा अथनेसियस 5 वेळा हद्दपार झाला, आणि खुद्द कॉन्स्टंटाईनने 337 ला मरताना बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपच्या हातून. पुढे 1553 ला जिनिव्हात सर्व्हेटसला जिवंत जाळलं, त्रैक्य आणि तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा नाकारला म्हणून. हे वाचून मला झोप लागली नाही. वादापेक्षा जाळण्याचंच जास्त लागलं.

योहानाच्या शुभवर्तमानात थोमा येशूला "माझा प्रभू, माझा देव" म्हणतो ते मला माहितीय, ते मी लपवत नाही, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्याच योहानात येशू म्हणतो पिता माझ्याहून थोर आहे. मार्कात तो म्हणतो शेवटाची ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणून रडतो, तो कोणापुढे रडतोय पप्पा? स्वतःपुढेच? माझी प्रार्थना आहे तशीच चालू आहे, येशूच्याच नावाने, ते कुठं गेलं नाही. फक्त "तीन व्यक्ती, एक देव" हे पोरांना पाठ करून घ्यायला माझी जीभ उचलत नाही. नाताळापासून मतांगीकारात त्या ओळींना मी गप्प राहते. आई शेजारीच उभी असते, तिला कळलं असणारच, तरी ती काही बोलली नाही.

पप्पा, चिडायचं तर चिडा, पण डोळ्याला ताण न देता. येत्या रविवारी मी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घेणारे. त्रैक्याचा धडा तुम्ही आल्यावर तुम्हीच घ्या, मी त्या पोराच्या शेजारी बसते. तो विचारणार, विसरणाऱ्यातला नाही तो.

दादाबरोबर शेंगाचटणी दोन डबे पाठवलीय, एक वहिनीच्या आईला द्या.

तुमची,
ताई