कोऱ्या वहीची तक्रार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालवर्ग सुटताना दारात एक संवाद हमखास कानावर पडतो. "आज काय शिकवलं?" "काही नाही, खेळलो." आईचा चेहरा उतरतो, दप्तरातली वही उघडली जाते, ती कोरी निघते आणि दुसऱ्या दिवशी आमच्यापुढे प्रश्न येतो: "बाई, लिहायला कधी घेणार?" बावीस वर्षं बालवर्ग घेऊन मी निवृत्त झाले, तरी हा प्रश्न पिच्छा सोडत नाही. दारात उभ्या उभ्या त्याचं उत्तर कधी पुरं झालं नाही, म्हणून हे पत्र.

माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक, असतात, मग एकेक करून घट्ट होत जातात. चौथ्या वर्षी त्यांतली काही अजून कूर्चाच असतात. हे बाजूला ठेवलं तरी पेन्सिल पेलायला बोटांत बळ आणि ताबा लागतो, आणि तो मणी ओवून, माती मळून, कागद फाडून येतो. कात्रीचंच बघा. एक हात कापतो, दुसरा कागद फिरवतो. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करायची, हे मोठ्यांनाही नवीन वाद्य शिकताना घाम फोडतं.

आकड्यांचा घोळ तर फारच गमतीचा. "आमचा शंभरापर्यंत म्हणतो" असं सांगणारे पालक पुष्कळ भेटले. त्याच मुलाला सात ठोकळे आण म्हटलं की तो मूठभर घेऊन येतो. म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, कुठली सोडायची नाही, आणि शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे एकूण वस्तू, हे कळायला महिने लागतात. पाच-पाच बटणांच्या दोन सारख्या ओळी मांडा, मग त्यातली एक नुसती पसरवा. चार वर्षांचं मूल बहुधा पसरलेल्या ओळीत बटणं जास्त आहेत असंच सांगेल. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवलेली ही गोष्ट मी दर वर्षी पाहिली. समजावून फारसा उपयोग होत नाही. पण सगळ्यांना कागद वाटायला सांगितलं आणि "बाई, दोन कमी पडले" असा ओरडा आला, की वजाबाकीचा पाया पडू लागला म्हणायचा.

वाचनाचंही तसंच, ते आधी कानात सुरू होतं. मगर, मासा, मांजर यांच्या सुरुवातीला सारखं काय ऐकू येतं, हे ज्याला पकडता येतं त्याला पुढे 'म' गिरवताना अर्थ लागतो. बडबडगीतांची यमकं त्यासाठीच. आणि झोक्यापाशी पाळीची वाट बघणं, म्हणजे मनाला आवर घालणं, हा वर्षातला सगळ्यात अवघड धडा. 'स्टॅच्यू'च्या खेळात हलावंसं वाटत असताना न हलणं, हाही त्याचाच सराव.

खेळातून शिकवण्याचं हे खूळ आजचं नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 साली जर्मनीत बाड ब्लांकनबुर्ग इथे लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे मुलांच्या हाती दिले, आणि 1840 मध्ये त्या जागेला 'मुलांची बाग', म्हणजे किंडरगार्टन, हे नाव दिलं. 1851 साली प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारने अशा शाळांवर बंदी घातली. नास्तिक आणि समाजवादी विचार पसरतात असा संशय होता. ती उठली 1860 मध्ये, फ्रोबेल गेल्यानंतर. ठोकळ्यांना एवढं घाबरणारं सरकार आमच्या पालकांपेक्षा बरं. निदान त्यात काहीतरी आहे एवढं त्याला कळलं होतं!

मात्र पालकांचा संशय प्रत्येक वेळी चुकीचा नसतो. 'खेळातून शिक्षण' अशी पाटी लावून मुलांना पडद्यासमोर बसवून ठेवणारे वर्ग मी पाहिले आहेत. मनोरा तिसऱ्यांदा कोसळल्यावर "मोठा ठोकळा कुठे ठेवून बघूया?" असं विचारणारं माणूस शेजारी नसेल, तर खेळ म्हणजे नुसता वेळ घालवणं होतं.

म्हणून शिक्षिकांना एक सुचवते. दाराशी फळ्यावर रोज एक ओळ लिहा: 'आज मणी ओवले, दोन लाल, एक पिवळा, पुन्हा दोन लाल.' मी शेवटची काही वर्षं लिहीत असे. पालकांचे प्रश्न थांबले नाहीत, पण वहीचं विचारणाऱ्या आया "त्याला पिवळ्यानंतर पुन्हा दोन लाल जमले का हो?" असं विचारू लागल्या.

आपली,
एक निवृत्त बालवर्ग शिक्षिका