भोरड्यांचा मुक्काम दाखवणाऱ्या तात्यांना

तात्या, सप्रेम नमस्कार.

ओळखलंत का? दसरा झाल्यावर उजनीच्या बॅकवॉटरला बदकं बघायला निघालेला, गळ्यात दुर्बीण अडकवलेला पुण्याचा पाव्हणा. करमाळ्याच्या बाजूला तुमच्या बाजरीच्या कडेनं चाललो होतो, तेव्हा तुम्ही माळ्यावरूनच हटकलंत, पाणी दिलंत आणि वर बोलावून बसवून घेतलंत. हे पत्र पाकिटात घालून पाठवता आलं असतं. पण पाखरांचे फोटो आम्ही चारचौघांत मिरवतो, फोटोखाली कॅमेऱ्याचं नाव देतो, लेन्सचं देतो आणि जागा दाखवणाऱ्या माणसाला ‘स्थानिक’ म्हणून मोकळे होतो. म्हणून आभारही चारचौघांतच मानतो. नातवाकडून वाचून घ्या.

भोरड्या मी याआधी पाहिल्या नव्हत्या असं नाही. फाल्गुनात पळस, पांगारा फुलला की त्या मध प्यायला फुलांवर तुटून पडतात. डोकं, पंख, शेपटी काळीभोर, मधलं अंग गुलाबी, डोक्यावर तुरा. आमच्याकडं त्यांना पळसमैना म्हणतात ते त्यामुळंच. पण ते झाले झाडावरचे वीस-पंचवीस पक्षी. आश्विनातला त्यांचा खरा थवा बघायला बाजरीच्या रानात यावं लागतं, आणि तिथं त्यांची नीट ओळख असते ती गोफण हातात घेऊन बसणाऱ्याला.

तुम्ही जे सांगितलंत ते मला कुठल्याच पुस्तकात असं एका जागी सापडलं नव्हतं. दिवसभर रानोमाळ पांगलेल्या भोरड्या उन्हं कलली की आधी लिंबाच्या झाडावर आणि विजेच्या तारांवर गोळा होतात. आभाळ भरून आलेलं असलं तर लवकर येतात. मुक्काम काठावरच्या बाभळींत, ऊस उंच झाला की कधी उसात. “आत्ता फडाकडं जाऊ नगा, हितंच बसा, पाठ उन्हाकडं करा,” म्हणालात. मी बसलो.

पुढं जे झालं ते तुम्ही रोज बघता, पण मला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. आधी आठ-दहांच्या टोळ्या आल्या, मग शेकड्यांच्या, आणि मग मोजणं सोडून दिलं. तारा वाकल्या. एकाएकी सगळ्या उठल्या आणि आभाळात तो एकच थवा झाला. लांबट होई, मधोमध दुमडे, एका कडेला इतका दाट होई की पलीकडचं पाणी दिसेना, दुसऱ्या क्षणी विरळ. डोक्यावरून गेला तेव्हा पावसाची सर आल्यासारखा पंखांचा आवाज आला. मी फोटो काढायचं विसरून गेलो होतो. तुम्ही मात्र बोट दाखवून शांतपणे म्हणालात, “ससाणा आलाय बगा, म्हणून येवढ्या फिरत्यात. न्हाईतर कवाच बसल्या असत्या.” खरंच वर एक ससाणा होता. तो खाली झेपावला की थवा आवळायचा, तो बाजूला झाला की सैल व्हायचा. बसायला उशीर का होतोय हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी ते सगळं नुसती शोभा म्हणून पाहिलं असतं.

मी विचारलं, यांचा पुढारी कोणता? तुम्ही हसलात. “म्होरक्या नसतोय ह्यांच्यात. जो तो शेजाऱ्याकडं बगतोय.” तात्या, इटलीत रोम शहरात शास्त्रज्ञांनी भोरडीच्या जातभाईंचे, युरोपी मैनांचे थवे अनेक कॅमेऱ्यांनी टिपले आणि २००८ साली निष्कर्ष छापला: थव्यातला प्रत्येक पक्षी साधारण सहा-सात जवळच्या शेजाऱ्यांवर लक्ष ठेवून वळतो. ते शेजारी हातभर लांब असोत की वावभर, संख्या तेवढीच. त्या गटातल्या जॉर्जो पारिसींना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेलही मिळालं, अर्थात ते निव्वळ पाखरांसाठी नव्हे. तुमचं गणित त्यांच्या गणिताशी जुळलं एवढं कळवतो.

आणखी एक गोष्ट मला तुमच्याकडून हवी होती ती मिळाली: खरं बोलणं. आम्ही शहरातले लोक थवा बघून हळवे होतो. तुम्ही थवा खाली उतरलेलं रान दाखवलंत. कणसं एका बाजूनं सोललेली, दाणे मातीत. डबा वाजवून झाला, कॅसेटची फीत बांधून झाली, दोन दिवसांत पाखरं सरावली. शेवटी गोफणच. “दिसाया ग्वाड हायती, पर खात्यात आमचं,” हे तुम्ही चिडून नाही, हिशेब सांगावा तसं सांगितलंत. गोफणगुंडाही तुम्ही थव्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत टाकत होतात, आवाजानं उठवायला. हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

चीनमध्ये शिनजियांग नावाचा मुलूख आहे. तिथं उन्हाळ्यात ह्याच भोरड्या टोळ फस्त करतात, म्हणून १९८० च्या दशकापासून लोकांनी त्यांच्या घरट्यांसाठी दगडविटांचे आडोसे बांधून दिलेत. हे मी सांगितल्यावर “मग तितंच ऱ्हावा म्हणावं की!” असं तुम्ही म्हणालात, आणि खालच्या बांधावरून काकूसुद्धा हसल्या. इथंही त्या नाकतोडे, टोळ खातात हा माझा मुद्दा तुम्ही मान्य केलात, पण बाजरीचा हिशेब त्यात फिटत नाही म्हणालात. मलाही तो फिटवता आला नाही.

तुमचा एक प्रश्न राहिला होता. थव्यातल्या त्या मातकट, बिनतुऱ्याच्या, पिवळसर चोचीच्या निराळ्या जातीच्या का? नाही तात्या, ती यंदाची पिल्लं. वैशाख-ज्येष्ठात कझाकस्तानासारख्या मुलखात दगडांच्या फटींत जन्मलेली. तिथून तुमचं रान सरळ रेषेत मोजलं तरी अडीच हजार किलोमीटरच्या वर, आणि वाट अफगाणिस्तान, पाकिस्तानवरून. जन्मल्यावर चार-पाच महिन्यांत ती तुमच्या बाजरीवर हजर. हळूहळू पिसं बदलतील, आणि चैत्रात परतायच्या वेळेला बरीचशी आईबापांसारखी दिसू लागतील.

हे पत्र वाचून कुणाला तिकडं जावंसं वाटलं तर गावाचं नाव मी सांगणार नाही. तीस गाड्या बांधावर लागल्या तर भोरड्यांपेक्षा जास्त बाजरी त्याच तुडवतील. उजनीच्या काठाला रानं पुष्कळ आहेत. राखणीला बसलेल्या माणसाला आधी रामराम करावा, पिकात पाय न घालता विचारावं, कुणी ना कुणी सांगतंच.

माळ्यावरची ताडपत्री फाटलीये म्हणाला होतात. बारा बाय पंधराची घेतली आहे, कडेला पितळी कड्या असलेली. शाळूची राखण सुरू व्हायच्या आत घेऊन येतो. काकूंना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुमचा,
पुण्याचा पाव्हणा