दीडशे ग्रॅमच्या रोबोटलाही पेटी लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गॅदरिंग आणि टेक-फेस्टचा हंगाम आला की नाशिकच्या शाळा-कॉलेजांत ‘रोबो फाइट’चे बोर्ड लागतात. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधले रोबोवॉर पोरांनी मोबाइलवर पाहिलेले असते, त्यामुळे पहिलीच उडी कित्येक किलोंच्या रोबोटवर. लोखंडी अँगल, वायपर मोटर, पाच-सहा जणांची वर्गणी, एक लढत आणि सांगाडा भंगारात. हीच हौस तळहातावर मावणाऱ्या आकारात करता येते, मात्र तो रोबोटही झाकण असलेल्या पक्क्या पेटीतच लढवला पाहिजे, हे सांगायला हे पत्र. ब्रिटनमध्ये ‘अँटवेट’ नावाचा वर्ग आहे: वजन १५० ग्रॅमपर्यंत, आणि लढतीच्या सुरुवातीला रोबोट चार इंची, म्हणजे सुमारे १०१ मिमीच्या घनात बसला पाहिजे. अमेरिकेत मात्र अँटवेट म्हणजे एक पौंड, ४५४ ग्रॅम. ऑनलाइन सुटे भाग मागवताना हे तपासावे, नाही तर तिप्पट वजनाच्या वर्गाची मोटर घरी येते.

नेहमीचे ‘रोबोटिक्स किट’ यासाठी निरुपयोगी आहे. नुसती बेरीज करून पाहा. किटमधली पिवळी बीओ मोटर साधारण ३० ग्रॅम, दोनच्या ६०. प्रोग्राम चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड २५. मोटरींना वीज सोडणारा, हीटसिंकवाला एल२९८एन बोर्ड २५ च्या पुढे. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी ४५. झाले १५५, आणि अजून चाक नाही, सांगाडा नाही, ब्लूटूथ नाही. शिवाय एल२९८एन मधल्या मधे दोनेक व्होल्ट खातो, आणि त्या चौकोनी बॅटरीला मोटर अडल्यावर लागणारा करंट देणे झेपत नाही. रोबोट जागच्या जागी कुंथतो आणि मुले बिचारी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात.

खरे तर इथे प्रोग्राम लागतच नाही, रोबोट रिमोटवर चालतो. एन२० नावाच्या छोट्या गिअर मोटरी दोन, मिळून २० ग्रॅम. दोन चाके, १०. दोन सेलची ३०० एमएएच क्षमतेची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, २० च्या आसपास. रिमोटचे, म्हणजे ट्रान्समीटरचे, हुकूम घेणारा रिसीव्हर आणि दोन मोटरींचा वेग सांभाळणारा ब्रश्ड ईएससी, मिळून १०. तारा आणि कनेक्टर ८, धातूच्या गिअरचा छोटा सर्व्हो (हात वर-खाली करणारी मोटर) १४, स्क्रू ८. बेरीज ९०. सांगाडा, पुढचा पत्रा आणि समोरच्याला उलथवणारा हात यांना ६० ग्रॅम उरतात. त्यातलेही दोन ग्रॅम राखून ठेवावेत, कारण सोल्डर आणि हॉट ग्लू यांचे वजन कागदावर कुणीच धरत नाही. एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा. सराफ बाजाराच्या गावात तो मिळणे अवघड नाही.

मोटर निवडताना वेगाचा मोह आवरावा. सहा व्होल्टला ५०० आरपीएमची (मिनिटाला ५०० फेऱ्यांची) एन२० दोन सेलच्या ७.४ व्होल्टवर ६०० च्या आसपास फिरते. ३२ मिमीचे चाक लावले तर सेकंदाला एक मीटर. मैदान जेमतेम ७५ सेंमीचे असते, म्हणजे एवढ्यातही सेकंदाच्या आत पलीकडची भिंत येते. हजार आरपीएमची मोटर घेणारी मुले प्रतिस्पर्ध्यापेक्षा भिंतीलाच जास्त धडका देतात. शरीराची उंची चाकापेक्षा पाच-सहा मिमी कमी ठेवली की उलटा पडलेला रोबोटही चालत राहतो.

पुढच्या उतरत्या पत्र्यावर निम्मी लढत ठरते. ८० बाय ४० मिमीचा एक मिमी जाडीचा पोलादी पत्रा २५ ग्रॅम भरतो. तेवढाच दीड मिमी ॲल्युमिनियमचा १३ ग्रॅम, पण त्याची कड एका धडकेत मुडपते. अंबड-सातपूरला लेझर कटिंगची वर्कशॉप आहेत, कटपीसमधून असा तुकडा काढून मागता येतो. पत्रा पक्का न बसवता बिजागरीवर सैल ठेवावा, म्हणजे तो स्वतःच्या वजनाने जमिनीला चिकटतो. तपासणी सोपी आहे: रोबोट काचेवर ठेवून कडेखाली वर्तमानपत्राचा कागद सरकवावा. कागद आत गेला तर प्रतिस्पर्ध्याचा पत्राही जाणार.

सांगाड्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए (प्रिंटिंगचे नेहमीचे प्लास्टिक) वापरू नये. तो कडक, म्हणून फुटतो; शिवाय साठेक अंशांना मऊ पडतो, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत तेवढे तापमान सहज होते. टीपीयू हा रबरासारखा लवचीक प्रकार दणका पचवतो. मात्र पावसाळ्यात त्याची रीळ हवेतला ओलावा ओढते आणि प्रिंटमध्ये बुडबुडे व धागे येतात. आधी ड्रायरमध्ये वाळवून घ्यावी. प्रिंटर नसेल तर तीन ते पाच मिमीची एचडीपीई प्लास्टिकची शीट करवतीने कापून स्क्रूने जोडावी, ती कुठल्याही प्रिंटइतकीच चिवट असते.

बहुतेक रोबोट प्रतिस्पर्ध्याच्या हत्याराने मरत नाहीत, आतली तार सुटून मरतात. एन२० च्या पाठीमागच्या तांब्याच्या पट्ट्या कागदासारख्या असतात. तार हलली की मुळातून तुटतात. बारीक सिलिकॉन वायर वापरावी, मोटरजवळ तिला थोडी ढील द्यावी आणि सांध्यावर हॉट ग्लूचा थेंब सोडावा. त्याच दोन टोकांवर १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर लावला की ब्रशच्या ठिणग्यांचा रिसीव्हरला होणारा त्रास कमी होतो. सर्व्होचा हात वर गेल्यावर रोबोट क्षणभर बेशुद्ध पडत असेल तर सर्व्हो शेवटच्या टोकाला अडून रेटतो आहे, त्याने ५ व्होल्टचा पुरवठा खाली ओढला आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला, असे समजावे. ट्रान्समीटरमध्ये त्याची मर्यादा कमी करावी.

ट्रान्समीटर हा यातला सगळ्यात महाग भाग, पण एकच संच अनेक रोबोटांना चालतो. दोन संच असले की शाळेचे भागते. मोबाइलच्या ब्लूटूथवर लढत नको: हुकूम उशिरा पोचतो आणि संपर्क तुटला तर शेवटच्या हुकमावर रोबोट धावतच राहतो. फेलसेफ (संपर्क तुटताच रोबोट थांबवणारी सोय) असलेला २.४ गिगाहर्ट्‌झचा संच घ्यावा आणि प्रत्येक लढतीआधी चाके अधांतरी धरून ट्रान्समीटर बंद करून पाहावा. सगळे हलणे लगेच थांबले पाहिजे. थांबले नाही तर तो रोबोट त्या दिवशी उतरवू नये, तो कुणाचाही असो.

आता पत्राचे खरे कारण. पोरांना उचलणारा रोबोट नको असतो, फिरते पाते हवे असते. २५ ग्रॅमचे, ६० मिमी लांबीचे पोलादी पाते १५,००० आरपीएमला फिरले तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे १७० किमी होतो आणि त्यात नऊ ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोचे वजन कमरेएवढ्या उंचीवरून पडावे, तितकी. ती ऊर्जा उडालेल्या एखाद्या स्क्रूला मिळाली तर पहिल्या रांगेतल्या मुलाचा डोळा रोबोटच्याच उंचीवर असतो. तरीही काही ठिकाणी टेबलावर चार फळ्या उभ्या करून, फार तर ॲक्रिलिक लावून, या लढती होतात. ॲक्रिलिक तडकते आणि त्याचे तुकडे धारदार असतात. पॉलिकार्बोनेटच लागते, आमच्या मते पात्याच्या रोबोटांसाठी सहा मिमीपेक्षा कमी नको, आणि वरून झाकण हवेच. दुकानदार दोन्हींना ‘प्लास्टिकची काच’ म्हणत असेल तर गॉगल लावून पातळ कटपीस पक्कडीत धरावा आणि वाकवावा: ॲक्रिलिक मोडते, पॉलिकार्बोनेट वाकते. ही शीट थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नये, बारीक तडे जातात. साबणाचे पाणी पुरे. स्क्रू पक्के करण्याचे लॉकटाइटसारखे द्रावणही तिला लागू देऊ नये, कारण तेच.

रोबोटवर बॅटरीची वीज तोडणारी, बाहेरून काढता येणारी लिंक असावी. ती पेटीत ठेवल्यावरच लावायची आणि झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी काढायची. जाळी, दोरा, द्रव, आग यांना बंदी हवी. येवल्याच्या पतंगांचे वेड असलेल्या जिल्ह्यात कुणाच्या तरी डोक्यात नायलॉन मांजा येणारच, म्हणून तो नियमात नाव घालून लिहावा.

लिपोचे चार्जिंग प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवरच करावे, ३०० एमएएचला ०.३ अँपिअर. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, लढतीनंतर ३.३ च्या खाली गेलेला नसावा. महिनाभर ठेवायचा असेल तर ३.८ वर. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नये; कचऱ्यात दबून पेट घेते. ती ई-कचरा संकलनातच द्यावी. चार्जिंगच्या टेबलाशेजारी कोरड्या वाळूची बादली आणि एक मोठे माणूस, दोन्ही हवेत.

प्रत्येक शाळेला अशी पेटी परवडणार नाही, गरजही नाही. शहरातल्या एखाद्या आयटीआयने, तंत्रनिकेतनाने किंवा अभियांत्रिकी कॉलेजने ७५ सेंमी चौरस, जाड प्लायच्या तळाची, झाकण असलेली एक पेटी बनवून शाळांना आळीपाळीने द्यावी. चौकट वेल्डिंगच्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक म्हणूनही होईल. पेटी मिळेपर्यंत स्पर्धा ढकलणाऱ्या आणि उचलणाऱ्या रोबोटांपुरत्याच ठेवाव्यात: तीन मिनिटांची लढत, दहा सेकंद हलला नाही तर बाद. आयोजकांनी प्रवेशपत्रिकेवर वजनाच्या अटीखालीच ‘फिरते हत्यार चालणार नाही’ ही ओळ छापावी, ऐनवेळी मैदानात वाद नकोत.

आपले,
काही हौशी रोबोटकार, नाशिक