पुढच्या ब्रेकला घाबरू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा तोंडावर आला आहे. खंडेनवमीला घरोघरी दुचाकी धुतल्या जातील, त्यांना हार घातले जातील. त्यानंतर थोड्याच दिवसांत साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतील आणि कराड, कोरेगाव, रहिमतपूर भागातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतील. परतीचा पाऊसही अजून पुरता गेलेला नाही. दुचाकीच्या ब्रेकचा खरा कस याच दिवसांत लागतो. आम्ही काही जण साताऱ्यात दुचाकी दुरुस्तीचे काम करतो. ब्रेकविषयी एक मोठा गैरसमज आपल्या भागात पक्का बसलेला आहे, त्याबद्दल हे पत्र.

गाडी शिकवताना थोरल्या भावाकडून किंवा वडिलांकडून पहिली ताकीद मिळते ती ‘पुढचा ब्रेक धरू नको, पडशील’ ही. ती इतकी मुरते की पुढे वीस-वीस वर्षे माणूस फक्त पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतो. मागचे लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) दोनदा बदलून होतात आणि पुढचे कंपनीतून आले तसेच असतात, अशा गाड्या आपल्याकडे थोड्याथोडक्या नाहीत. या गाड्या थांबतात, पण वेळेवर थांबत नाहीत.

ब्रेक लागला की गाडीचे आणि माणसाचे वजन पुढे झुकते, पुढचे शॉकअप दबतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, तर एकूण वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक जवळजवळ अधांतरी होते. ज्या चाकावर वजनच उरले नाही, त्याला रस्त्याची पकड कुठून मिळणार? म्हणून मागचा ब्रेक कितीही दाबला, तरी चाक जाम होऊन घासत जाते, शेपूट हलते आणि गाडी पुढे सरकतच राहते.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. अडथळा दिसून हात-पाय हलेपर्यंत हा एक सेकंद जातोच. पुढे दोन्ही ब्रेक नीट लावले, तर कोरड्या रस्त्यावर साधारण २० मीटरमध्ये गाडी थांबते. फक्त मागचा लावला, तर त्याच्या दुप्पट, म्हणजे ४० मीटरच्या आसपास लागतात. दोन्ही ब्रेक लावणारी गाडी ज्या जागी उभी राहिली, त्या जागी फक्त मागच्या ब्रेकवरची गाडी अजून ताशी ४२ किलोमीटरने पळत असते. समोर उभी असलेली ट्रॉली त्याच जागी असेल, तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबायचे अंतर चौपट होते. त्यामुळे ८० वर ही तफावत आणखी जीवघेणी होते.

मग पुढच्या ब्रेकने माणसे पडतात ती का? पडतात हे खरे आहे, पण ती ब्रेक लावल्यामुळे नव्हे, हिसका दिल्यामुळे. लिव्हर एकदम गच्च ओढली की वजन पुढे यायच्या आत चाक जाम होते. जाम झालेले पुढचे चाक गाडीला सरळ ठेवू शकत नाही आणि गाडी आडवी होते. तोच दाब क्रमाने वाढवला, तर आधी शॉकअप दबतात, टायर रस्त्यावर दाबला जातो, आणि मग त्या टायरला जोराचा ब्रेक पेलतो. लिंबू पिळताना हाताचा जोर जसा वाढत जातो, तसा हा दाब हवा. पहिला हलका स्पर्श आणि पूर्ण जोर यांत पाव ते अर्धा सेकंद पुरतो, याहून उशीर नको.

करायचे ते असे. रेस पूर्ण सोडायची, हँडल सरळ करायचे, गाडी उभी ठेवायची. दोन्ही ब्रेक एकाच वेळी सुरू करायचे. हाताचा जोर वाढवत न्यायचा आणि वजन पुढे जाईल तसा पाय हलका करायचा. हा शेवटचा भाग बहुतेकांकडून राहतो. घाबरला की माणूस पाय आणखी रोवतो आणि मागचे चाक घसरते. गुडघ्यांनी टाकी धरायची, म्हणजे अंगाचा भार मनगटांवर येत नाही. कोपर ताठ करायचे नाहीत. नजर समोर लांब ठेवायची. खड्ड्याकडे बघत राहिले की गाडी खड्ड्यातच जाते. क्लच शेवटी, वेग ताशी १०-१५ वर आला की दाबायचा. अगदी अचानक प्रसंग आला, तर ब्रेकबरोबरच दाबला तरी चालेल, पण ब्रेकच्या आधी नको. आधी क्लच दाबून मग ब्रेक शोधायची खोड पुष्कळांना आहे, त्यात इंजिनाचा अडसर, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन गाडीला जे रोखून धरते ते, फुकट जातो.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचे पुढचे चाक जाम झाले, तर लिव्हर त्याच क्षणी सोडून पुन्हा दाब वाढवत न्यायचा. मागचे चाक जाम होऊन गाडी सरळ घसरत असेल, तर पाय हळू सैल करायचा. पण शेपूट बरेच बाजूला गेले असेल, तर पाय झटकन काढायचा नाही. चाकाला एकदम पकड मिळते, गाडी उलट्या बाजूला उसळते आणि चालवणारा हवेत फेकला जातो. साध्या घसरण्यापेक्षा ही आदळआपट फार वाईट.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा) किंवा एबीएस सक्तीचे झाले. त्यातून दुसरा गैरसमज आला, की आता यंत्रच सगळे बघून घेते. पुष्कळ गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतो, मागचे चाक अजूनही जाम होऊ शकते. एबीएस चालू झाला की लिव्हर हाताखाली थरथरते. ती थरथर जाणवली की घाबरून हात सोडणारे आहेत. तसे करू नये, दाब कायम ठेवावा, आणि पंपासारखी लिव्हर पुन्हापुन्हा दाबू-सोडूही नये. किल्ली फिरवल्यावर लागणारा एबीएसचा दिवा गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. तो पेटताच राहिला, तर तुमच्याकडे साधा ब्रेक उरला आहे असे समजून चालवावे. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक (स्कूटरला डाव्या हाताचा) दाबला की पुढचाही थोडा लागतो. ‘थोडा’ हा शब्द महत्त्वाचा. पुढची लिव्हर स्वतंत्रपणे ओढल्याशिवाय पूर्ण ताकद मिळत नाही. आणि पुढच्या ड्रमची केबल ढिली असेल, तर केबलवरचा सीबीएस असून नसल्यासारखा होतो, चालवणाऱ्याला ते कळतही नाही.

आता घाट. पसरणी असो, यवतेश्वर असो की कुंभार्ली, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून देणारे रोज दिसतात. पाचगणीहून वाईला उतरताना उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास कमी होते. दोन माणसांसह अडीचशे किलोची गाडी एवढी खाली आणताना जी उष्णता तयार होते, ती सगळी ब्रेकवर टाकली, तर चार लिटर गार पाणी उकळेल इतकी भरते. ती मुठीएवढ्या लायनरनी आणि पॅडनी सोसायची. ड्रम तापला की लायनरची घासण्याची ताकद कमी होते. पायाखाली पेडल जागेवर असते, पण गाडी थांबत नाही. डिस्कच्या गाडीत जुने ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि लिव्हर थेट मुठीला टेकते. ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम अजूनही बरोबर आहे. ब्रेक सतत घासत ठेवू नये. वळणाआधी ठोस लावून वेग कमी करावा आणि सोडून द्यावा, म्हणजे मधल्या वेळात तो थंड होतो. इंधन वाचवण्याचे म्हणाल, तर इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये रेस पूर्ण सोडली की इंजिनाला जाणारे पेट्रोल तसेही बंद होते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते जळतच राहते. स्कूटरला इंजिनाचा अडसर कमी मिळतो, म्हणून स्कूटरवाल्यांनी वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवावा आणि जळका वास आला की बाजूला थांबावे. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नये, धातू वाकडा होतो किंवा तडकतो.

वळणावरचा ब्रेक वळणाच्या आधीच संपवायचा. कलती गाडी वळतानाच टायरची बरीच पकड खर्च करत असते, ब्रेकसाठी थोडीच शिल्लक राहते. वळणात लावायची वेळ आलीच, तर आधी गाडी सरळ करावी. तेवढी जागा नसेल, तर दोन्ही ब्रेक अगदी हलके. गतिरोधकाचेही तसेच. ब्रेक त्याच्या आधी लावून, चाक त्यावर चढताना सोडून द्यावा. नाहीतर दबलेले शॉकअप आणखी दबायला जागाच उरत नाही.

कारखान्याच्या रस्त्यांवर ट्रॉलीच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो, पाचट पडते, कुठे मळी सांडते. दव किंवा पावसाच्या सरीने हा सगळा थर साबणासारखा होतो. रस्त्यावरचे जाड पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणे ओली असली तरी हेच. अशा जागी पुढचा ब्रेक पिसासारखा हलका, अंतर दुप्पट, आणि शक्य तेवढे काम थर सुरू होण्याआधीच्या कोरड्या रस्त्यावर उरकावे. रात्री मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली डीपरच्या उजेडात तीस-चाळीस मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. वरचा हिशेब पाहिला, तर अशा रस्त्यावर ताशी ६० वेग परवडणारा नाही. ५० देखील जास्तच.

दुधाचे कॅन किंवा मागे माणूस असेल, तर मागच्या चाकावर वजन राहते आणि मागचा ब्रेक जास्त कामाला येतो. तेव्हा तो नेहमीपेक्षा जोरात दाबावा. टायरमधली हवाही गाडीच्या स्टिकरवर दोन माणसांसाठी लिहिली आहे तेवढी भरावी.

आता दसऱ्याच्या धुण्याबद्दल, कारण ब्रेक बिघडायला एक दिवस पुरतो. वॉशिंग सेंटरवर शेवटी जो ऑइलचा किंवा डिझेलचा फवारा मारतात, तो डिस्कवर किंवा ड्रमच्या फटीत जाऊ देऊ नका. टायर काळे करायचे पॉलिश आणि चेनचा स्प्रेही डिस्कपासून दूर. पॅडने एकदा तेल पिले की पुसून उपयोग नाही, पॅड बदलावेच लागतात. धुतल्यावर पहिल्या शे-दोनशे मीटरमध्ये दोन्ही ब्रेक हलके लावून सुकवून घ्या. हार लिव्हरमागे किंवा चाकात अडकत नाही ना, तेही बघा.

गाडी पुसताना पाच मिनिटांत होणारी तपासणी अशी. ड्रम ब्रेकच्या लिव्हरला टोकाशी १० ते २० मिलिमीटर आणि पायाच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल हवी. नट आवळल्यावर चाक हाताने फिरवून घासत नाही ना ते पाहावे आणि नटाची खाच पिनवर नीट बसवावी. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमच्या झाकणावरचा बाण खुणेपर्यंत आला, तर लायनर संपले. काही ठिकाणी पैसे वाचवायला ब्रेकचा आर्म काढून एक दात पुढे बसवून देतात. पेडल पुन्हा कडक लागते, पण आत लायनर नसतो आणि बाण खोटे सांगू लागतो. हे कोणी सुचवले तर सरळ नाही म्हणा. डिस्क पॅडवरची खाच दिसेनाशी झाली, किंवा पॅडचा घासणारा मसाला दीड-दोन मिलिमीटरवर आला की पॅड बदला. नवे लायनर किंवा पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण पकड देत नाहीत, तोवर अंतर वाढवून चाला.

ब्रेक ऑइलकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ते हवेतला ओलावा ओढून घेते. नवे डॉट ४ दर्जाचे ऑइल निदान २३० अंशांना उकळते, ओलावा शिरलेले १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी कमी चालली असली तरी. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातून घालावे. महिनोन्महिने उघडा पडलेला डबा नको. इंजिन ऑइल त्यात चुकूनही घालू नये, रबरी सील फुगून ब्रेक अडकतो. लिव्हर स्पंजसारखी लागली, तर आत हवा आहे. ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

एक विनंती ड्रायव्हिंग स्कूलना आणि परवान्याची चाचणी घेणाऱ्यांना. ‘८’ चा आकडा काढून दाखवायला सांगता, तसेच ताशी ३० वेगाने येऊन आखलेल्या रेषेच्या आत दोन्ही ब्रेकने थांबून दाखवायला सांगा. तोपर्यंत घरच्या मोठ्यांनी मुलांना हे मैदानात नेऊन शिकवावे. कोरडी, खडी नसलेली डांबरी किंवा सिमेंटची मोकळी जागा बघावी. हेल्मेट आणि बूट घालावेत. फक्कीने एक रेषा मारावी. ताशी २० ने येऊन रेषेवर फक्त पुढचा ब्रेक, हळूहळू दाब वाढवत, दहा वेळा. मग ३० ने दहा वेळा. मग ४० ने दोन्ही ब्रेक, आणि प्रत्येक वेळी रेषेपासून पुढच्या चाकापर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे. ४० वरून गाडी रेषेपुढे ९-१० मीटरमध्ये थांबू लागली की हात बसला. शेवटी एकदा फक्त मागच्या ब्रेकने थांबून तेही अंतर त्याच मुलाकडून मोजून घ्यावे.

आपले,
दुचाकी दुरुस्तीच्या कामातले काही वाचक, सातारा